पानावरचा अंगठा

१

कॉलेजात शेवटचा तास शिकवून झाला की प्रीती घरी जायच्या आधी सयाजीच्या नेट कॅफेत शिरायची, हे कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीला एव्हाना पाठ झालं होतं. सयाजी तिच्यासाठी कोपऱ्यातला संगणक राखून ठेवायचा. बाकीच्या फळकुटांच्या आडोशामागं पोरं चॅटिंग करायची, नाहीतर परदेशी फुटबॉलपटूंचे फोटो उतरवून घ्यायची, आणि त्या गलक्यात ही एकटी पडद्याला नाक लावून संशोधनाचे लेख शोधत बसायची.

साल दोन हजार पाचच्या आसपासचं. जगातलं सगळं ज्ञान इंटरनेटवर आलंय, असं जो तो छातीठोकपणे सांगायचा. आलं होतंही, फक्त ते कुलपात होतं. लेखाचं नाव दिसायचं, लेखक दिसायचा, तोंडाला पाणी सुटावं असा चार ओळींचा सारांश दिसायचा आणि त्याखाली डॉलरमधला आकडा. मिठाईच्या दुकानाबाहेर काचेला गाल लावून उभं राहावं तशी प्रीतीची गत झाली होती.

"तुझ्या प्रबंधात माणसं आहेत, मुलाखती आहेत, सगळं आहे," तिच्या गाईड अवंतिका मॅडम म्हणाल्या होत्या. "पण आधी कुणी काय लिहून ठेवलंय, ते कुठंय? बाहेरचे परीक्षक पहिलं तेच प्रकरण उघडतात. फुकट काय मिळतंय ते बघ. हल्ली बरेच लोक लेख खुले ठेवतात म्हणे."

प्रबंधाचा विषय होता यंत्रमाग कामगारांच्या छातीचे आजार. तो तिनं निवडला असं म्हणणं खोटं ठरेल. तो विषय तिच्या घरात खोकत होता. तिचे वडील गणपती, म्हणजे आबा, उभा जन्म इचलकरंजीजवळ कबनूरला मागावर राबले. आता श्वास घेताना त्यांच्या छातीतून बारीक शीळ वाजायची. भाड्याच्या दोन खोल्यांत ती शीळ चुलीपर्यंत ऐकू यायची. बायडाबाई, प्रीतीची आई, भाकरी थापता थापता त्या शिळेवरून नवरा जागा आहे की झोपला ते ओळखायची.

दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बिड्या किती ओढता?" आबांनी बिडीला जन्मात हात लावला नव्हता. तरी कागदावर बिडी चढलीच. प्रीतीला याचा संताप संताप व्हायचा. आबांच्या छातीत बसलंय ते मागावरचं सूत आहे, हे छापील अक्षरात आबांच्या हातात ठेवायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत, एवढा एकच तिचा हट्ट होता. त्यांच्यापाशी वेळ किती उरलाय हे कुणी सांगत नव्हतं, आणि म्हणून तिला कुठंच स्वस्थ बसवत नव्हतं.

२

ती जागा तिला कशी सापडली हे तिला पुढं आठवेना. या दुव्यावरून त्या दुव्यावर उड्या मारता मारता एक कोरं पान उघडलं. ना संस्थेचं नाव, ना चिन्ह. मधोमध एक चौकट आणि खाली इंग्रजीत एक ओळ. जे हवं असेल ते मागा.

प्रीतीनं गंमत म्हणून सर्वांत दुर्मीळ लेखाचं नाव घातलं. विलायतेतल्या कुठल्याशा गिरणगावच्या डॉक्टरनं पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेला. प्रत्येक लेखाच्या शेवटी त्याचा उल्लेख असायचा आणि तो कुणीच वाचलेला नसायचा. दुसऱ्या दिवशी लेख हजर. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, जुन्या पिवळ्या पानांचे फोटो काढून चढवलेले. पैशाची मागणी नाही, नाव-गाव विचारणं नाही.

तिला अक्षरशः नाचावंसं वाटलं. सयाजीनं प्रिंटा काढल्या आणि एक पान तिच्यापुढं धरून तो खिदळला.

"म्याडम, हे बघितलंसा काय? अंगठा आलाय की हो!"

पानाच्या डाव्या कडेला, समासात, एक अंगठा होता. पान सपाट राहावं म्हणून धरणाऱ्याचा. नख मधोमध उभं चिरलेलं आणि त्या चिरेत काळं काहीतरी भरलेलं.

"आमच्या झेरॉक्सवाल्याचाबी येतोय असाच," सयाजी म्हणाला. "फुकट लेख देणारा सोताच अंगठाबहाद्दर निघाला म्हणायचा."

प्रीती हसली. कुठल्यातरी ग्रंथालयात कुणीतरी गरीब माणूस दिवसभर पानं धरून बसत असेल, असं तिच्या मनात आलं आणि त्याच्याबद्दल तिला उगीच माया वाटली.

३

ती मागत गेली आणि लेख येत गेले. एकावर विलायतेतल्या ग्रंथालयाचा शिक्का, एकावर अमेरिकेतल्या, एकावर मद्रासच्या. तिचं ते अडलेलं प्रकरण भराभरा पुढं सरकू लागलं. अवंतिका मॅडमनी पहिल्यांदा तोंड भरून कौतुक केलं.

अंगठा मात्र सगळीकडे तोच होता. चिरलेलं नख, चिरेतली काळी रेघ.

"म्हंजे सगळीकडनं गोळा करून एकच माणूस फोटू काढतोय," सयाजीनं निकाल दिला. "त्यात काय एवढं?"

पटण्यासारखं होतं आणि प्रीतीनं ते पटवून घेतलं. शिकली-सवरलेली बाई, कॉलेजात पोरांना कार्यकारणभाव शिकवते. एका अंगठ्यानं तिनं घाबरावं हे तिचं तिलाच हास्यास्पद वाटायचं. पण नवीन लेख उघडला की तिची नजर आधी मजकुराकडं न जाता कडेला जायची. अंगठा दर वेळी थोडा आत आलेला असायचा. आधी नुसतं पेर. मग तळहाताचा गोलवा. मग मनगट. आणि त्या मनगटाच्या केसांत पांढरे बारीक तंतू अडकलेले.

ते तंतू तिनं आयुष्यभर पाहिले होते. आबा पाळी संपवून दारात उभे राहायचे तेव्हा त्यांच्या भुवयांत, कानांत, हातांवर असलंच पांढरं असायचं आणि आई त्यांना उंबऱ्यातच झटकून आत घ्यायची.

४

"कोण गं, ही एवढी कागदं देतंय तुला?" एका रविवारी बायडाबाईनं विचारलं. प्रिंटांचा गठ्ठा कॉटखाली मावेना झाला होता.

"न्हाई म्हाईत. मागितलं की देतोय."

"पैसं घेतोय?"

"न्हाई."

"मग बोलीव की एकदा जेवायला. लोकाचं एवढं फुकट घ्यायचं आन साधं या म्हणायचं न्हाई? शिकून शिकून एवढं बी इसरलीस व्हय?"

कॉटवरून आबा शिळेतून हसले. "ये म्हणावं. तांबडा-पांढरा रस्सा करू."

आमच्याकडं 'या एकदा घरी' हे कुणालाही म्हटलं जातं. एसटीत शेजारी बसलेल्याला, चुकून फोन लागलेल्याला, मीटर बघायला आलेल्या वायरमनला. कुणी खरंच येईल असं म्हणणाऱ्याला वाटत नाही आणि न म्हणणं मात्र शोभत नाही. दुसऱ्या दिवशी प्रीतीनं त्या कोऱ्या पानावरच्या चौकटीत लेखाच्या नावाऐवजी इंग्रजीत आभार लिहिले. तुमचे उपकार विसरणार नाही. कधी कोल्हापूरला आलात तर आमच्या घरी जरूर या. आई-आबा आठवण काढतात. हात सवयीनं चालत होता. शेवटी पत्ताही लिहून गेला.

उत्तर आलं नाही. तिनं आधी मागितलेला एक लेख तेवढा आला. अंगठा होता, मनगट होतं. पण आजवर पानांखाली नेहमी काळोख असायचा, तो या वेळी नव्हता. पानं तांबड्या रेक्झिनवर ठेवलेली होती. रेक्झिन एका कडेला फाटलेलं, आतला पिवळा फोम बाहेर आलेला, आणि वरच्या कोपऱ्यात लोखंडी दांडीचा एक तुकडा.

सयाजी चहाचा कप हातात धरून पडद्याजवळ वाकला.

"एसटीचं शीट हाय हे," तो म्हणाला आणि या खेपेला हसला नाही.

५

प्रीतीनं मागणं बंद केलं. लेख बंद झाले नाहीत.

पान उघडलं की एखादा नवा येऊन पडलेला असायचा, तिच्याच विषयाचा, तिला हवा तोच. एकाखाली सिमेंटचं बाकडं होतं आणि बाकड्यावर रंगानं लिहिलेली मराठी अक्षरं पानाच्या कडेनं अर्धीमुर्धी दिसत होती. एकाखाली काळ्या दगडाची पायरी होती, पायरीवर शेवाळ. तशा पायऱ्या गावातल्या रंकाळा तलावाला आहेत, तशा दुसरीकडंही असतील, असं प्रीती स्वतःला बजावत राहिली. वर्गात शिकवता शिकवता ती मध्येच थांबायची. फळ्यावर खडू टेकवलेला तिचा स्वतःचा अंगठा दिसला की ती खडू खाली ठेवायची.

आपण बोलावलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग आपणच येऊ नका म्हणायचं. एवढं सोपं होतं ते. पण आईपुढं विषय काढला तर आई तिच्याकडं बघतच राहिली.

"या म्हणून परत नगं म्हणायचं? कुणाच्या घरात झालंय असं?"

"अगं, पण माणूस कोण, कुठला..."

"कुठला का असंना. वाटंला लागला आसंल बिचारा. काय तरी निमित्त सांग, जरा फुडं ढकल. पर नगं म्हणू नगंस."

निमित्त कुठलं सांगायचं, यावर प्रीतीनं फारसा विचार केला नाही. जे तोंडावर होतं तेच बोटांवर आलं. आबांची तब्येत बरी नाही. श्वासाचा फार त्रास होतोय. सध्या येऊ नका, नंतर कधीतरी नक्की या. तिनं पाठवलं आणि बऱ्याच दिवसांनी तिला मोकळं वाटलं. सयाजीच्या दारात उभं राहून तिनं चहासुद्धा घेतला.

"काय सांगितलंसा मग त्येला?" सयाजीनं विचारलं.

"वडील आजारी आहेत म्हटलं."

सयाजीचा हात कपासकट थांबला. "आवो म्याडम, आजारी हाय म्हटल्यावर माणूस ऱ्हाईल व्हय? न येणारा बी बघाय येतोय."

प्रीतीनं उरलेला चहा तसाच खाली ठेवला. आपल्या माणसांत, आपल्या गल्लीत, कुणी आजारी असल्याचं कानावर पडलं की त्याच दिवशी चपला पायात घालतात, हे तिला जन्मापासून माहीत होतं. चंदगडच्या मावशीला आबांचं कळलं तेव्हा ती भर पावसात तीन गाड्या बदलून आली होती. आणि हे आपण लिहावं? तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ती पुन्हा त्या कोपऱ्यातल्या संगणकापुढं बसली. चौकटीत काय लिहायचं हेच तिला सुचेना. आबा बरे झाले? खोटं. इथं कुणी राहत नाही? पत्ता तर तिनंच दिला होता. ती खिडकी बंद करणार इतक्यात पानावर एक नवीन लेख येऊन पडला.

६

लेखाकडं तिनं पाहिलंच नाही.

पानाखाली हिरव्या चौकड्यांची चादर होती. चादरीला कोपऱ्यात निळ्या कापडाचं ठिगळ होतं, आणि ठिगळाचे टाके तिरके, घाईत घातलेले. ते टाके आईचे होते. चाळशी मोडल्यापासून आईचे टाके तिरकेच पडायचे. पानाच्या वरच्या कडेला पांढऱ्या पायजम्यातला एक गुडघा दिसत होता, आणि गुडघ्यावर निवांत टेकलेला आबांचा हात.

पान धरलेला हात आता कोपरापर्यंत होता. त्यावरचं पांढरं जागोजाग चादरीवर गळलं होतं.

"हे कुणाचं तरी घर दिसतंय," मागून सयाजी हळूच म्हणाला. "म्याडम? वळखीचं हाय काय?"

प्रीती पर्स तिथंच टाकून पळत सुटली. दिवस मावळायचा होता. गल्लीत तालमीतून पोरं बाहेर पडत होती, कट्ट्यावर म्हातारी माणसं बसली होती, दळणाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. सगळं जिथल्या तिथं होतं. कुणीतरी "काय झालं गं?" म्हणून ओरडलं. ती थांबली नाही. पळता पळता तिची बुद्धी तिला समजावत होती की असल्या चादरी इचलकरंजीत ढिगानं विणल्या जातात, ठिगळं घरोघरी असतात, म्हाताऱ्यांचे गुडघे सारखेच दिसतात. बुद्धीचं हे पालुपद चालू असतानाच ती जिना चढून वर आली आणि दारातच तिचे पाय थबकले.

घरात शीळ वाजत नव्हती.

७

"आलीस?" बायडाबाई स्वयंपाकाच्या खोलीतून म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. "चुकामूक झाली असती बघ. पावणं आल्यात तुझं. कवाधरनं बसल्यात. एक घोट पाणी न्हाई घेतलं. म्हटलं, च्या तरी घ्या."

"कुठंयत?"

"हितंच की, आबांजवळ. सटूलावर."

प्रीती उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत आली. आबा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, बंडी आणि पायजम्यात. कॉटला लागून स्टूल होतं. स्टूल रिकामं होतं. त्याच्याखाली फरशीवर पांढऱ्या तंतूंचा थर जमला होता आणि प्रीती बघत असतानाच त्यावर आणखी एक तंतू वरून तरंगत येऊन बसला.

"आई, दिसायला कसा हाय माणूस?"

"म्हंजे?" आतून भांड्याचा आवाज थांबला. "कसा म्हंजे... अगं, तोंडाकडं नीट बघितलंच न्हाई बघ. हातच लई राबलेलं हुतं. मागावरचाच आसंल कुणीतरी, म्हटलं."

"प्रीते," आबा म्हणाले. "बघ गं. शीळ गेली."

त्यांचा चेहरा कित्येक वर्षांत दिसला नव्हता इतका सुटलेला, शांत होता. प्रीतीला क्षणभर रडूच फुटलं. हेच तर तिला हवं होतं. यासाठीच तर ती दारोदार मागत फिरली होती. ती गुडघ्यांवर बसली आणि सवयीनं त्यांच्या छातीकडं बघू लागली. श्वासाबद्दल जगात जे जे छापलंय ते तिनं वाचलं होतं. छाती किती वर येते, किती वेळानं खाली बसते, कुठं अडते. ती वाट बघत राहिली.

छाती हललीच नाही.

तिनं आबांच्या नाकापुढं तळहात धरला. हाताला काही लागलं नाही. आबा तिच्याकडं मायेनं बघत होते, त्यांच्या पापण्या लवत होत्या.

"पावण्यानं हात ठिवला हितं," ते म्हणाले. "अगदी आल्लद. मोकळंच वाटलं."

बंडीवर, छातीच्या डाव्या अंगाला, एक खळगा होता. अंगठ्याएवढा. कापड तिथं आत दबलेलं होतं आणि त्याच्या चारी बाजूंनी बारीक सुरकुत्या ओढल्या गेल्या होत्या. नुसती खूण असती तर कापड एव्हाना वर आलं असतं. ते आलं नव्हतं. वाऱ्यानं उडू नये, हलू नये, सपाट राहावं म्हणून पान धरावं तसं काहीतरी तिथं अजून दाबून धरलेलं होतं.

प्रीतीनं हात पुढं केला. तिचं बोट बंडीला लागतं न लागतं तोच तो खळगा थोडा उथळ झाला. दाबणारं जे काय होतं ते जरासं उचललं गेलं, पान उलटायच्या आधी बोट उचलावं इतकंच. आबांच्या तोंडातून कसलासा घरघर आवाज आला, डोळे पांढरे झाले आणि मान एका बाजूला कलंडली.

"आबा!"

तिनं झटकन हात मागं घेतला. खळगा पुन्हा खोल झाला. आबांनी मान सावरली, डोळे मिचकावले आणि मघासारखेच ते तिच्याकडं बघून हसले. मध्ये काही झाल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

इतके दिवस जो येऊ नये म्हणून तिचा जीव वरखाली होत होता, त्यानं आता जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. तिनं पदरानं स्टुलाखालची फरशी हलक्या हातानं पुसली. मग रिकाम्या स्टुलाकडं मान वर करून, आपला आवाज कापू नये म्हणून सगळा जोर लावून ती बोलली.

"बसा की, पावणं. एवढी काय घाई हाय जायाची?"

खळगा हलला नाही. आबांनी समाधानानं मान डोलावली.

"काय गं?" आतून आईनं विचारलं. "निघालं काय ते?"

"न्हाई," प्रीती म्हणाली. त्या एवढ्याशा खळग्यावरून तिनं नजर काढली नाही. "अंथरूण काढून ठेव, आई. पावणं ऱ्हायला आल्यात."